मानेचं जुनाट दुखणं : शेक-ट्रॅक्शन घेत राहावं की व्यायामावर यावं?

इतवारी_मंजिरी

नमस्कार मंडळी. मी नागपुरात एका शाळेच्या कार्यालयात काम करते. दिवसभर संगणक, फीच्या पावत्या आणि निकालाच्या दिवसांत रजिस्टरं. मान बऱ्याच वर्षांपासून दुखते. डाव्या खांद्याच्या वरच्या कडेला सुरू होतं, मानेतून वर चढतं आणि कवटीच्या बुडाशी येऊन थांबतं. फार झालं की त्याच बाजूचं डोकं धरतं. हाताला मुंग्या नाहीत, चक्कर नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. 'सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस, म्हणजे मानेच्या मणक्यांची झीज आहे, मानेची नैसर्गिक कमान कमी झाली आहे' असं सांगून फिजिओथेरपी लिहून दिली. घराजवळच्या क्लिनिकमध्ये आधी शॉर्टवेव्ह यंत्राचा शेक, मग आयएफटी (सौम्य करंट), मग ट्रॅक्शन (मान यंत्रानं ताणणं) असा क्रम चालतो. तिथून निघताना मान हलकी वाटते, पण संध्याकाळच्या पोळ्या होईपर्यंत दुखणं परत आलेलं असतं.

बहिणीच्या आग्रहानं धरमपेठेत दुसऱ्या फिजिओंना दाखवलं. त्यांनी बराच वेळ तपासलं, उताणं झोपवून हनुवटी किंचित आत घ्यायला लावली, खांद्यांची ताकद पाहिली. म्हणाल्या, यंत्रांची गरज दिसत नाही, किमान तीन महिने नेमानं व्यायाम करावा लागेल. घरी म्हणतात, पैसे देऊन व्यायामच करायचा असेल तर जायचं कशाला, गळ्याला पट्टा लाव आणि मोकळी हो.

कोणाचं ऐकू? ज्यांनी यातलं काही केलं आहे त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

अंबाझरी_वॉकर

ताई, ट्रॅक्शनला सरसकट मोडीत काढू नका. माझा त्रास वेगळा होता. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बधिर, दंडातून वीज गेल्यासारखी कळ. रात्री हात डोक्यावर ठेवला तरच झोप लागायची. एमआरआयमध्ये मानेच्या सी-५ आणि सी-६ या मणक्यांच्या मधली गादी सरकलेली निघाली. ट्रॅक्शन चालू असताना कळ थांबायची, आणि त्या काळात ही सुटका मला फार मोठी होती. सोबत व्यायामही दिले होते, ते मी आजही करतो. ऑपरेशन टळलं.

पोट्टा_नागपुरी

ताई, आधी सांगा कूलर कुठं लावला आहे? आमच्या घरी मे महिना लागला की मामाची मान डावीकडं आखडते अन् मामीची उजवीकडं. दोघं शेजारी जेवायला बसले की पूर्ण वेळ एकमेकांकडंच पाहून राहिले असतात. आजी म्हणते, लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं प्रेम आत्ता दिसलं!

इतवारी_मंजिरी

@पोट्टा_नागपुरी, कूलर पायाशी आहे रे भाऊ :) पण माझं दुखणं डिसेंबरच्या थंडीतही असतं.

वऱ्हाडी_फिजिओ

मंजिरीताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यातल्या काही गोष्टींवर बोलायलाच हवं.

आधी कूलरचं. सकाळी उठल्यावर मान एका बाजूला आखडलेली असणं हा बहुतेक वेळा थोडक्या दिवसांचा पाहुणा असतो, आठवडाभरात सुटतो. तीन महिन्यांच्या वर टिकलेलं दुखणं हे वेगळं प्रकरण आहे. त्याला जुनाट म्हणतात आणि त्याचे उपचारही वेगळे.

आता तुमचा एक्स-रे. 'झीज' हा शब्द कानावर पडला की माणसं घाबरतात आणि मान हलवणंच सोडून देतात. याचं मला खरोखर वाईट वाटतं. जपानमध्ये मानेचा कुठलाही त्रास नसलेल्या १२११ लोकांचे एमआरआय काढले होते, विशीपासून सत्तरीपर्यंतच्या. २०१५ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या दिसल्या, विशीतल्यासुद्धा बहुतेकांच्या. आणि यांतल्या कुणालाच दुखत नव्हतं! तेव्हा तुमच्या रिपोर्टवरचं वाक्य हे तुमच्या दुखण्याचं पूर्ण उत्तर नाही. कमान कमी दिसण्याचंही तसंच, ती धडधाकट माणसांतही कमी दिसते.

हनुवटी आत घ्यायला का लावली असेल? मानेच्या पुढच्या अंगाला, अन्ननलिकेच्या मागे, मणक्यांना लागून खोलवर स्नायू असतात. लाँगस कोलाय आणि लाँगस कॅपिटिस ही त्यांची नावं. दुखणं जुनं झालं की पुष्कळांमध्ये हे स्नायू मंद पडतात आणि त्यांचं काम गळ्याच्या बाजूचे वरवरचे मोठे स्नायू करू लागतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ग्वेंडोलिन जल यांनी ही गोष्ट मोजण्याची पद्धत बसवली. उताणं झोपवून मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवतात, तिच्यात २० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब भरतात. रुग्णानं हळूच होकार दिल्यासारखी मान हलवून तो दाब दोन-दोननं ३० पर्यंत न्यायचा, प्रत्येक पायरीवर दहा सेकंद थांबायचं. करून पाहिल्याशिवाय कळत नाही हे किती अवघड जातं ते. धट्टेकट्टे गडीसुद्धा २४ वर थरथरतात.

तुमचं डोकं त्याच बाजूचं दुखतं म्हणून आणखी एक सांगतो. जल यांच्याच चमूनं २००२ मध्ये मानेतून उठणाऱ्या डोकेदुखीच्या २०० रुग्णांवर प्रयोग केला. एका गटाला हातानं सांधे मोकळे करण्याचे उपचार, दुसऱ्याला हे व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला यांतलं काही नाही. पहिल्या तिन्ही गटांची डोकेदुखी कमी झाली आणि फरक वर्षभरानंतरही टिकून होता. यंत्र कुठंच नव्हतं.

शेक, आयएफटी, अल्ट्रासाउंड यांनी काही तास बरं वाटतं, ते खोटं नाही. पण नुसत्या त्यांच्यावर जुनं दुखणं हटतं याला भक्कम आधार नाही. माझं मत धरमपेठेतल्या बाईंच्या बाजूनं.

सक्करदरा_काका

डॉक्टरसाहेब, आदर ठेवून विचारतो. मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत जा, कुठल्याही फिजिओथेरपी विभागात शेकाची यंत्रं आहेत. ती बिनकामाची असती तर इतकी वर्षं ठेवली असती का? मी निवृत्त माणूस. सकाळी मान लाकडासारखी असते. शेक घेतला की ती वळते, मग व्यायाम होतो. शेक न घेता व्यायामाचं रबर ओढायला सांगाल तर मी दुसऱ्या दिवशी तोंड दाखवणार नाही. पुस्तकातला रुग्ण वेगळा आणि दुखणारा माणूस वेगळा.

वऱ्हाडी_फिजिओ

काका, तुम्ही शेकाचा जो उपयोग करताय तोच योग्य आहे. शेकानं मान मोकळी झाली आणि त्या मोकळ्या अर्ध्या तासात तुम्ही व्यायाम केलात, यात माझा काहीच विरोध नाही. घरी गरम पाण्याची पिशवी घेतली तरी ते काम होतं. माझी तक्रार आहे ती शेक देऊन रुग्णाला घरी पाठवण्याबद्दल. शेक, करंट, ट्रॅक्शन, घरी. उद्या परत तेच. त्यात रुग्णाच्या हातात काही येतच नाही.

एक सूचना सगळ्यांसाठी. पेसमेकर असेल, मानेत किंवा खांद्यात धातूची पट्टी किंवा स्क्रू असतील, किंवा दिवस गेलेले असतील तर शॉर्टवेव्हचा शेक घ्यायचा नाही. यंत्र लावण्याआधी मंगळसूत्र, गळ्यातली साखळी, कानातलं काढून ठेवायचं. कुणी विचारलं नाही तर आपण होऊन सांगा.

@अंबाझरी_वॉकर, तुमचा किस्सा महत्त्वाचा. दबलेली शीर आणि हातात उतरणारी कळ असेल तिथं ट्रॅक्शनचा उपयोग काहींना होतो, व्यायामासोबत दिलं तर अधिक. अभ्यासांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. मंजिरीताईंना हातात काहीच नाही, म्हणून त्यांना ट्रॅक्शनचा उपयोग होण्याची अपेक्षा कमी.

सोनारओळ

आमचं घर सराफ्यातलं. वडील, काका, दोन चुलतभाऊ, सगळे कारागीर. बारीक जडावाचं काम म्हणजे डोळ्याला भिंग आणि मान खाली, ती तासन्‌तास वर होत नाही. आमच्याकडे मान न दुखणारा माणूस शोधावा लागतो. वडिलांना कुणी 'असं बसू नका' म्हटलं की ते चिडायचे, कारण दुसरं कसं बसणार? हात तिथंच लागतात.

भावाला फिजिओंनी वेगळंच सांगितलं. कामाचं मेज छातीच्या उंचीपर्यंत वर आणा, म्हणजे काम डोळ्यांकडे येईल. आणि प्रत्येक नग संपला की उठून गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन या. मेज उंच करायला सुतारानं एक दिवस घेतला. वडिलांनी आयुष्यभर जे सोसलं त्याला इतका साधा उपाय होता, हे पाहून मला आजही चुटपुट लागते. कारागिरांच्या मानेकडे कुणी लक्षच देत नाही.

मिहान_शिफ्ट

सोनारओळ, तुमच्या प्रतिसादावरून लक्षात आलं की आम्हा आयटीवाल्यांचं दुखणं फार वेगळं नाही. रात्रपाळीत लॅपटॉपवर वाकून बसतो, सकाळी खापरीहून मेट्रोत बसलो की सीताबर्डीपर्यंत मोबाइलवर. ते चित्र सगळ्यांनी पाहिलं असेल, मान ६० अंश वाकवली की मानेवर २७ किलो भार. आमच्या ऑफिसात ते भिंतीवर लावलं आहे. ते पाहिल्यापासून मी मान ताठ ठेवतो आणि संध्याकाळी आधीपेक्षा जास्त दुखतं. असं का?

वऱ्हाडी_फिजिओ

तो आकडा २०१४ मध्ये एका अमेरिकन मणक्याच्या शल्यविशारदांनी संगणकावरच्या प्रतिकृतीवरून काढलेला आहे. माणसांच्या माना दुखतात का, हे त्यात तपासलेलं नव्हतं. डोक्याचं वजन साधारण पाच किलोच्या आत-बाहेर. ते पुढं झुकलं की मागच्या स्नायूंना जास्त ओढावं लागतं, एवढं बरोबर. पण स्नायू ओढण्यासाठीच असतात. त्रास होतो तो एकाच स्थितीत खूप वेळ राहिल्यानं, मग ती वाकलेली असो की ताठ. तुम्ही मान ताठ धरून दिवसभर स्नायू आवळून ठेवता, म्हणून दुखतं. भिंतीवरचं चित्र काढा, लॅपटॉप उंचावर ठेवून वेगळा कीबोर्ड जोडा आणि अर्ध्या तासानं जागा बदला. पाणी प्यायला उठलात तरी चालेल.

गोधनी_मीरा

सगळं पटतं, पण तीन महिने जायचं कसं? माझी गाडी दुचाकी, सिमेंट रोडवरचे गतिरोधक आणि खोदलेले रस्ते पार करत गोधनीहून शहरात यायचं म्हणजे उपचाराला जातानाच मान परत दुखायला लागते. क्लिनिकची फी वेगळी, घरी मुलगी लहान. मंजिरीताईंच्या घरचे विचारतात तोच माझाही प्रश्न, व्यायामच आहेत तर घरी का नाही?

वऱ्हाडी_फिजिओ

घरीच करायचे असतात, मीराताई. फिजिओकडे जायचं ते तपासून घ्यायला, व्यायाम नीट शिकायला, आणि दोन-तीन आठवड्यांनी वजन किंवा रबर वाढवून घ्यायला. रोज जायची गरज नाही. सरकारी रुग्णालयातही फिजिओथेरपी विभाग आहेत. मिहानजवळ एम्स आहे. डिगडोहला फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. खासगीत गेलात तर राज्य परिषदेची नोंदणी आहे का एवढं बघा. कित्येक वर्षांची पदवी असते ही. चार दिवस मालिश शिकून 'थेरपी'ची पाटी लावणारेही आहेत.

वेळेबद्दल सांगतो. फिनलंडमध्ये मान जुनी दुखणाऱ्या, कार्यालयात काम करणाऱ्या १८० बायकांवर अभ्यास झाला, २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला थोडे दिवस शिकवलं, मग वर्षभर घरी, आठवड्यातून तीनदा. एका गटाला रबर लावून मानेची ताकद वाढवायला, दुसऱ्याला हलक्या जोरावर जास्त वेळा करायला. दोन्ही गटांचं दुखणं पुष्कळ कमी झालं, नुसतं ताणायचं आणि चालायचं सांगितलेल्या तिसऱ्या गटापेक्षा बरंच जास्त. आणि हा दुसरा ऐका. डेन्मार्कमध्ये २०११ मध्ये १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांना रबराची दोरी देऊन हात बाजूला उचलायला लावलं. एका गटानं दिवसाला १२ मिनिटं केलं, एका गटानं फक्त २ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. दहा आठवड्यांत दोन्ही गटांना फरक पडला. दोन मिनिटं! मुलीची वेणी घालायला याहून जास्त वेळ लागतो.

गोधनी_मीरा

दोन मिनिटं निघतील. रबर आणते.

केळीबाग_उशी

अवांतर आहे पण राहवत नाही. उशीबद्दल कुणीच बोललं नाही. मी बाजारातल्या महागड्या 'ऑर्थोपेडिक' उशा आणून पाहिल्या, एकीवर झोप लागेना. शेवटी पिंजाऱ्याकडून आपल्या विदर्भाच्या कापसाची, मला हवी तेवढीच भरून घेतली. कुशीवर झोपते म्हणून खांदा ते कान एवढी जाडी. आता वर्षातून एकदा पिंजून घेते.

सक्करदरा_काका

केळीबागताई, पिंजारी आता येतात कुठं? धुनकीचा टणत्कार ऐकून जमाना झाला. तुमच्याकडं येत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, माझ्या दोन उशा दगड झाल्या आहेत.

वऱ्हाडी_फिजिओ

उशीचा एकच ठोकताळा, कुशीवर झोपल्यावर नाक आणि छातीची मधली रेघ एका ओळीत राहिली पाहिजे. उताणं झोपणाऱ्याला त्याहून पातळ. पोटावर झोपणाऱ्यांची मान रात्रभर एका बाजूला वळलेली राहते, त्यांनी सवय बदलली तर बरं. किंमतीचा संबंध नाही.

सदर_बझार

आमचा न्हावी केस कापून झाले की हनुवटी आणि डोकं धरून मान कटकन मोडून देतो. दहा रुपयेही घेत नाही अन् मस्त वाटते बावा. फिजिओ लोक तेच करतात नं, मॅनिप्युलेशन का काय?

वऱ्हाडी_फिजिओ

सदर भाऊ, हात जोडून सांगतो, पुढच्या वेळी त्याला मान मोडू देऊ नका. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात. झटका बसून त्यांचं आतलं अस्तर फाटलं तर गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. पार्लरमध्ये केस धुताना मान बराच वेळ मागं लटकलेली राहिल्यानं झालेल्या अशा पक्षाघातांची नोंद १९९३ पासून वैद्यकीय नियतकालिकांत आहे. हे क्वचित घडतं, पण ज्याच्या बाबतीत घडतं त्याचं आयुष्य बदलतं.

प्रशिक्षित फिजिओ आधी रक्तदाब, धमन्यांची आणि नसांची लक्षणं, औषधं, हाडांची स्थिती विचारतो. शिवाय बहुतेक काम झटका न देता होतं. ऑस्ट्रेलियाचे मेटलंड, न्यूझीलंडचे मुलिगन आणि मॅकेन्झी यांच्या पद्धती आम्ही शिकतो. त्यांत मणक्यावर हलका, लयीत दाब देतात, किंवा फिजिओनं दाब धरायचा आणि रुग्णानं स्वतः मान वळवायची.

सदर_बझार

वाचून घाबरलो खरं. सांगतो त्याला, मालिश कर पण मान सोड.

महालची_वैदेही

सगळं वाचते आहे. एक गोष्ट आवर्जून लिहायची आहे, कारण आमच्या घरात ती घडली.

सासूबाईंची मान फारशी दुखत नव्हती. पण दिवाळीच्या सुमारास त्यांच्या हातून चकलीचा सोऱ्या नीट फिरेना. ब्लाउजचे हूक लागेनात. चालताना पाय जड पडायचे, चप्पल पायातून निघालेली कळायची नाही. आम्ही वय झालं म्हणून गेलो पुढं. मग लघवीला घाई व्हायला लागली. दाखवायला नेलं ते एका फिजिओथेरपिस्टकडे, कारण वाटलं होतं कंबरेचं असेल. त्यांनी हातापायांचे झटके (रिफ्लेक्स) तपासले आणि एकही व्यायाम न देता त्याच दिवशी मेंदू-मणक्याच्या सर्जनकडे पाठवलं. मानेत मज्जारज्जू दाबला गेला होता. ऑपरेशन झालं. आता त्या चालतात, पण बोटांची सफाई पूर्ण आली नाही.

त्या फिजिओथेरपिस्टनं पैसे घेऊन शेक दिला असता तर आम्हाला कळलंही नसतं. म्हणून सगळ्यांना विनंती, बटणं लावता न येणं, अक्षर बिघडणं, चाल अडखळणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, हाताची ताकद जाणं, यांतलं काही असेल तर मालिश, शेक, आसनं काही करू नका. आधी डॉक्टर.

वऱ्हाडी_फिजिओ

वैदेहीताई, हा या धाग्यावरचा सगळ्यात मोलाचा प्रतिसाद आहे. त्यात भर घालतो, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, ताप, वजन उतरणं, रात्री पडून राहिलं तरी न थांबणारं दुखणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोगही विसरून चालत नाही.

रामनगर_योग

रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात मी बरीच वर्षं जाते. तिथं शिकवताना कुणालाही घाईनं वरच्या आसनात नेत नाहीत. माझी मान भुजंगासन, मार्जारासन आणि खांद्यांच्या हालचालींनी सुधारली, शवासनानं झोप लागायला लागली. झोपेचा उल्लेख अजून कुणी केला नाही. चार रात्री नीट झोप झाली नाही की मान बोलायला लागते, हे माझं पक्कं निरीक्षण. मान दुखत असताना शीर्षासन आणि सर्वांगासन मात्र टाळा.

वऱ्हाडी_फिजिओ

+१. झोप, चिंता, घरातला ताण यांचा जुन्या दुखण्याशी घट्ट संबंध आहे. हे सांगितलं की रुग्णाला वाटतं, 'दुखणं मनाचं आहे' असं म्हणतोय. तसं अजिबात नाही. दुखणं खरंच असतं. थकलेली मज्जासंस्था तेवढ्याच ताणाला जास्त मोठ्यानं ओरडते.

इतवारी_मंजिरी

सगळ्यांचे मनापासून आभार. धरमपेठेतल्या बाईंकडे सुरुवात केली आहे. दोन अडचणी. व्यायाम केला की दुसऱ्या दिवशी मान जड होते, मग थांबायचं का? आणि हनुवटी आत घेताना गळ्याच्या शिरा ताठ होतात, ते बरोबर आहे का?

वऱ्हाडी_फिजिओ

शिरा ताठ होत असतील तर जोर जास्त लागतोय. पातळ टॉवेलची घडी डोक्याखाली ठेवा, दात एकमेकांवर टेकवू नका, जीभ टाळूला लावा. आता अगदी हळू 'हो' म्हणा, डोकं न उचलता. गळ्यावर दोन बोटं ठेवून पाहा, वरचे स्नायू मऊ राहिले पाहिजेत. तिथंच थांबा, दहा सेकंद, श्वास चालू. मऊ राहत नसेल तर हालचाल निम्मी करा.

जडपणाबद्दल, दहापैकी तीनपर्यंत वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी उतरत असेल तर चालू ठेवा. दोन दिवस टिकलं तर वजन किंवा संख्या कमी करा, पण बंद करू नका. हातात नवीन मुंग्या आल्या तर मात्र थांबून फोन करा.

पुढे त्या तुम्हाला खांद्याच्या पात्यांचं काम देतील. दाराच्या कडीला रबर अडकवून कोपर मागे ओढणं, हात बाजूला उचलणं, कपाळावर तळवा ठेवून डोक्यानं ढकलणं. यांतच खरी ताकद येते, हनुवटीचा व्यायाम ही नुसती सुरुवात.

पोट्टा_नागपुरी

मामा-मामींना दोघांनाही हे वाचून दाखवलं. मामा म्हणून राहिले, रबर आण. मामी म्हणाली, दोन आण, यांचा वापरलेला मी घेणार नाही.

इतवारी_मंजिरी

पोळा होऊन गेला, धागा वर काढते. बऱ्याच जणांनी व्यनि करून विचारलं म्हणून इथंच लिहिते.

मान पूर्ण बरी झाली असं म्हणणार नाही. पण स्कूटी मागं घेताना आता मान वळते, आधी सगळं अंग वळवावं लागायचं. डोकं धरणं पुष्कळ कमी झालं. घटक चाचणीच्या गुणांच्या नोंदी करायच्या आठवड्यात परत दुखलं, तेव्हा मी व्यायाम थांबवला नाही, थोडा हलका केला आणि दर तासाला जिना उतरून वर आले. बाईंनी सुरुवातीला दहा प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली होती, वाचन, झोप, गाडी चालवणं, डोकेदुखी असले प्रश्न, एकूण ५० पैकी गुण. तीच परत भरली तेव्हा आकडा बराच खाली आला होता. दुखणं रोज बघणाऱ्या माणसाला फरक दिसत नाही, कागदावर दिसला. जवळच्या क्लिनिकमधलं यंत्रांचं पॅकेज संपल्यावर परत घेतलं नाही. गरम पाण्याची पिशवी ठेवली आहे, काकांच्या पद्धतीनं.

सक्करदरा_काका

शाब्बास पोरी. वाचून फार बरं वाटलं.

अंबाझरी_वॉकर

मंजिरीताई, अभिनंदन. पण सुरुवातीला पट्ट्याबद्दल विचारलं होतं, त्याचं उत्तर राहूनच गेलं. माझ्या मेव्हण्याला घरच्यांनी पट्टा लावला आहे, आता तो काढायलाच घाबरतो.

वऱ्हाडी_फिजिओ

खरंच राहिलं. हाड मोडलं असेल किंवा ऑपरेशन झालं असेल तर सर्जन सांगतील तोवर पट्टा. हातात तीव्र कळ असेल तर थोडे दिवस, तोही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. जुन्या, साध्या मानदुखीत पट्टा लावून ठेवला की स्नायू आणखी अशक्त होतात आणि मनात भीती बसते की पट्ट्याविना मान टिकणारच नाही. मेव्हण्यांना पट्टा लावून जितका काळ झाला त्यावर अवलंबून हळूहळू सोडवावा लागेल. आधी घरात बसलेले असताना तासभर काढायचा, तेवढ्या वेळात सावकाश मान दोन्हीकडे फिरवायची, मग वेळ वाढवत न्यायची. पट्टा कुणी आणि कशासाठी दिला हे आधी विचारून घ्या.

नवीन_सभासद_कळमेश्वर

आजच धागा सापडला, पूर्ण वाचला. एकच विचारायचं, रबर कुठल्या रंगाचं आणायचं? दुकानदार म्हणतो सगळे सारखेच.

वऱ्हाडी_फिजिओ

सारखे नसतात. नेहमी मिळणाऱ्या थेराबँडमध्ये पिवळा सगळ्यात हलका, मग लाल, हिरवा, निळा, काळा असा जोर वाढत जातो. दुसऱ्या कंपनीचा क्रम वेगळा असू शकतो, पाकिटावर बघा. मान दुखत असेल तर पिवळ्यानं सुरू करा. पंधरा वेळा ओढून शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेलं पाहिजे. सहज झालं तर लाल घ्या. रबरावर बारीक चीर दिसली की फेकून द्या, तुटून डोळ्यावर बसतो. आणि दाराला अडकवणार असाल तर दार तुमच्या बाजूला ओढल्यावर बंद होणारं निवडा, म्हणजे रबर ओढताना ते उघडणार नाही.